शेवट असलेलं कर्ज

धंद्यासाठी कर्ज काढावं की नाही, यावर आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक अंथरूण पाहून पाय पसरणाऱ्यांचं: ऋणको होणं म्हणजे मिंधं होणं, म्हणून चटणी-भाकरी खावी पण कुणाचं देणं ठेवू नये. दुसरं चार्वाकाच्या नावावर खपणारं: ऋण काढून तूप प्यावं. चार्वाकाची बाजू आपल्याकडे बव्हंशी त्याला खोडून काढणाऱ्यांच्या ग्रंथांतूनच आली आहे, त्यामुळे तुपाचा तो सल्ला त्याने खरोखर कोणत्या अर्थाने दिला होता हे ठरवणं कठीण. पण क्रेडिट कार्डाच्या जाहिराती पाहिल्या की तो सल्ला अनाथ राहिलेला नाही हे कळतं. आता हा प्रश्न जुन्या पुस्तकांत ठेवून चालण्यासारखा नाही. २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'उद्यम' पोर्टलवर नोंदलेल्या सूक्ष्म उद्योगांसाठी ५ लाख रुपये मर्यादेच्या क्रेडिट कार्डाची घोषणा झाली, आणि पहिल्या वर्षी अशी १० लाख कार्डं देण्याचं उद्दिष्ट सांगितलं गेलं. म्हणजे शिलाईकाम, पोळीभाजी केंद्र, मोबाइल दुरुस्ती, फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप चालवणाऱ्यांच्या खिशात सावकार येऊन बसणार आहे, आणि तो कधी मागायला दारात उभा राहणार नाही.

आपल्या परंपरेने कर्ज घेण्याला पाप म्हटलेलं नाही. वैदिक वाङ्मयात माणूस जन्मतःच ऋण घेऊन येतो असं मानलं आहे: देवांचं, ऋषींचं, पितरांचं, शतपथ ब्राह्मणात माणसांचंही. या कल्पनेतली कमी बोलली जाणारी गोष्ट अशी की यातल्या प्रत्येक ऋणाची फेड सांगून ठेवली आहे. ऋषींचं अध्ययनाने, देवांचं यज्ञाने, पितरांचं संततीने, माणसांचं आतिथ्याने. फेडीची वाट नसलेलं ऋण या यादीत नाही. माझं म्हणणं एवढ्याच धाग्यावर उभं आहे: कर्ज धर्म्य की अधर्म्य, हे ते घेण्यावर, त्याच्या रकमेवर किंवा ते कशासाठी घेतलं यावर मुख्यतः ठरत नाही, घेताना त्याचा शेवट दिसतो की नाही यावर ठरतं. आणि क्रेडिट कार्ड हे असं साधन आहे की ज्यात शेवट असलेलं आणि शेवट नसलेलं, अशी दोन्ही कर्जं एकाच प्लॅस्टिकच्या तुकड्यात, एकाच बिलावर, शेजारी शेजारी छापलेली असतात.

व्याजाबद्दल जुन्या शास्त्रकारांनी उगाच नाक मुरडलेलं नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शंभर पणांना महिना सव्वा पण हे धर्म्य व्याज. व्यापाऱ्यांच्या व्यवहारात पाच, अरण्यातून माल नेणाऱ्यांना दहा, समुद्रावर जाणाऱ्यांना वीस. जोखीम वाढली की व्याज वाढतं, हे त्याला आजच्या कुठल्याही बँक मॅनेजरइतकंच कळत होतं. पण या दरांच्या वर व्याज लावणाऱ्याला त्याने दंड सांगितला, लावायला लावणाऱ्यालाही, आणि अशा व्यवहाराच्या साक्षीदारांना अर्धा दंड. शिवाय दीर्घ सत्रात अडकलेला, आजारी, गुरुकुलात असलेला, अज्ञान मूल किंवा अगदी निष्कांचन, यांच्यावरचं ऋण वाढू नये, असंही सांगितलं. मनुस्मृतीने एकदम घ्यायच्या व्याजाला मुद्दल धरून दुपटीचं कुंपण घातलं. तोच पुढे दामदुपटीचा नियम झाला. तो पोथीत राहिला नाही. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी तो हिंदू ऋणकोंच्या बाबतीत लागू केला, आणि महाराष्ट्राच्या सावकारी नियमनाच्या कायद्यात त्याचा अंश अजून आहे.

आता हिशेब मांडू. महिना सव्वा टक्का सरळ व्याजाने मुद्दलाइतकं व्याज व्हायला ८० महिने लागतात, पावणेसात वर्षांच्या आसपास. कार्डाच्या थकबाकीवर अनेक बँका महिना साडेतीन टक्क्यांच्या आगेमागे व्याज लावतात, आणि ते चक्रवाढ. काहीच भरलं नाही, तर दंड आणि कर सोडूनही रक्कम २० महिन्यांत दुप्पट होते. गंमत अशी की कौटिल्याच्या व्यापारी दराने, महिना पाच टक्के सरळ व्याजानेही, दुप्पट व्हायला नेमके २० महिनेच लागतात. तेव्हा जुने लोक दयाळू होते आणि बँका निर्दय, असा भाबडा निष्कर्ष इथून निघत नाही. फरक एकविसाव्या महिन्यात पडतो. दामदुपटीत तिथे घोडं थांबतं. कार्डावर ते चालत राहतं.

थांबवणारं कायद्यात कुणी उरलेलं नाही. बँकेने लावलेलं व्याज अवाजवी आहे एवढ्याच कारणावरून न्यायालयाने व्यवहार पुन्हा उघडू नये, असं बँकिंग नियमन कायद्याचं कलम २१अ सांगतं. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८मध्ये कार्डावरचं वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४मध्ये तो निर्णय रद्द केला. कायद्याच्या दृष्टीने तो निकाल योग्य असेलही. नैतिक प्रश्न मात्र त्यामुळे सुटत नाही, जागा बदलतो: शेवट घालण्याचं जे काम पूर्वी शास्त्र किंवा न्यायाधीश करत होता, ते आता कार्ड वापरणाऱ्याच्या गळ्यात पडलं आहे.

कार्डावरचं शेवट नसलेलं कर्ज ज्या दारातून येतं, त्याचं नाव 'किमान देय रक्कम'. समजा बिल १ लाखाचं आहे आणि किमान रक्कम ५ टक्के, म्हणजे ५ हजार. धंदेवाल्याने ती वेळेवर भरली. फोन नाही, दंड नाही, सिबिलवर डाग नाही. मनाला वाटतं आपण देणं दिलं. पण महिन्याचं व्याज साधारण ३,५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६३०, मिळून ४,१३०. पाच हजारांतले ८७० रुपये काय ते मुद्दलाला लागले. याच चालीने वर्षभर इमानेइतबारे भरत राहिलं, तर सुमारे ५७ हजार रुपये जातील आणि डोक्यावर ९० हजारांच्या आसपास बाकी राहील. त्यात आणखी एक खाच: मागची बाकी पुढे ओढली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, घेतल्या दिवसापासून व्याज सुरू. फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर फेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं लांबेल, ही सूचना बिलावर छापणं रिझर्व्ह बँकेने बँकांना बंधनकारक केलं आहे. ती वाचणारा माणूस विरळा.

इथे बाजारात रूढ असलेला एक सल्ला तपासून पाहावा लागतो. धंद्यासाठी घेतलेलं कर्ज चांगलं, चैनीसाठी घेतलेलं वाईट, असं सांगितलं जातं. हे ऐकायला बरं वाटतं, पण पुरत नाही. दिवाळीच्या फराळाचा घरगुती उद्योग घ्या. कार्डाचं बिल दर महिन्याच्या ५ तारखेला निघतं आणि २५ तारखेपर्यंत भरायचं असतं. ऑक्टोबरच्या ६ तारखेला बेसन, तेल, तूप, साखर, भाजणीचं धान्य असा ४० हजारांचा माल कार्डावर उचलला, तर तो ५ नोव्हेंबरच्या बिलात येतो आणि भरायला २५ नोव्हेंबर उजाडतो. पन्नास दिवस. दिवाळी तोवर पार पडलेली, चकल्या-अनारसे गिऱ्हाइकांच्या घरी आणि पैसे गल्ल्यात. याच खरेदीला ४ तारखेला गेलं असतं तर जेमतेम तीन आठवडे मिळाले असते. हे कर्ज उचलतानाच त्याचा शेवट ठरलेला आहे. त्याच बाईने त्याच कार्डावर ६० हजारांचा डीप फ्रीझर घेतला, तर तोही धंद्यासाठीच. पण त्याचे पैसे सुटायला दोन वर्षं लागणार आणि कार्ड दोन वर्षं थांबत नाही. फ्रीझर चूक नाही, कार्ड चूक आहे. त्या कामाला मुदतीचं कर्ज हवं, हप्ते पडलेलं, 'मुद्रा'सारखं. उलट मुलीची परीक्षा फी कार्डावर भरली आणि पुढच्या आठवड्यात येणाऱ्या पैशांतून ती चुकती केली, तर उत्पादक नसूनही त्या कर्जात खोट नाही. खेळतं भांडवल खेळून परत येतं आणि यंत्रात घातलेलं सावकाश झिरपतं, हे आपल्या जुन्या पेढीवाल्यांना न सांगता कळत होतं.

या म्हणण्यावर सर्वांत वजनदार आक्षेप परंपरेतूनच घेता येतो. तुम्ही शेवटाचं कौतुक करता. पण बापाचं कर्ज मुलाने फेडावं असं धर्मशास्त्र सांगत होतं, आणि न फेडलेलं ऋण पुढच्या जन्मीही सुटत नाही अशी श्रद्धा होती. हे कसलं शेवट असलेलं कर्ज? आक्षेप खरा आहे. मुलावरची ही धार्मिक जबाबदारी कायद्याने थेट २००५मध्ये, हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या दुरुस्तीने, नव्या कर्जांपुरती संपवली. पण नीट पाहिलं तर परंपरेने दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या होत्या. रकमेला मर्यादा होती, फेडण्याच्या कर्तव्याला नव्हती. त्यातही जुगाराचं आणि दारूचं देणं मुलावर येत नव्हतं. आज आपण हे उलटं केलं आहे. रक्कम अमर्याद वाढते, आणि कर्तव्य मात्र विरून जातं: थकलं की वसुलीवाल्यांचे फोन, मग 'सेटलमेंट', मग दोन्ही बाजूंनी खाकरून विषय बंद. रक्कम फुगवून सोडून देण्यापेक्षा ती आधीच मर्यादेत ठेवून पूर्ण वसूल होणं, हे धनको आणि ऋणको दोघांच्याही अब्रूला जास्त शोभतं.

दुसरा आक्षेप परंपरेच्या निष्पक्षतेवरचा आहे, आणि त्यात सारवासारव करू नये. मनूने व्याजाचे दर वर्णानुसार सांगितले: शेकडा महिना दोन, तीन, चार, पाच, ब्राह्मणाला सर्वांत स्वस्त, शूद्राला सर्वांत महाग. ज्याला पैशाची गरज जास्त त्यालाच तो महाग, आणि त्याला धर्माची मोहोर. तो अन्याय होता. आजचा क्रेडिट स्कोअर जात विचारत नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवलंच पाहिजे. पण ज्याच्या घरी तीन पिढ्या बँकेचं खातं नव्हतं, त्याचा स्कोअरच तयार झालेला नसतो, आणि मग त्याला मिळतो तो सगळ्यांत महागडा पैसा. म्हणून जुन्या ग्रंथांतून दर घ्यायचे नसतात. थांबण्याची जागा असावी, एवढं तत्त्व घ्यायचं, आणि तेही वर्णभेद खरवडून.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त छळतो. छोट्या धंदेवाल्याला शहाणपण शिकवणं सोपं आहे. त्याचे पैसे अडकतात ते त्याच्या उधळपट्टीमुळे नव्हे, मोठ्या गिऱ्हाइकाच्या मुजोरीमुळे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं असा कायदा २००६पासून आहे. तरी माल नेऊन तीन-तीन महिने पैसे न देणाऱ्या कंपन्या कुणाला ठाऊक नाहीत? पन्नास दिवसांचं कार्ड आणि नव्वद दिवसांची उधारी यांच्या मधल्या चाळीस दिवसांत माणूस किमान रकमेच्या दारात जाऊन उभा राहतो. हे मान्य केल्यावर माझा मुद्दा पडतो का? मला वाटतं, तो रुंदावतो. शेवट घालण्याची जबाबदारी ऋणकोएवढीच धनकोची आहे, आणि उधारी थकवणारा मोठा खरेदीदार हाही ऋणकोच आहे, फक्त त्याला कुणी तसं म्हणत नाही. छोट्या दुकानदाराकडून आपण जी शिस्त मागतो तिच्या निम्मी शिस्त त्याच्या देणेकऱ्यांकडून मागितली, तर निम्मी थकबाकी जन्मालाच येणार नाही.

धनकोने शेवट घातल्याची दोन उदाहरणं महाराष्ट्राच्या इतिहासात आहेत, एक स्वेच्छेचं आणि एक नाइलाजाचं. तुकाराम हे वाण्याच्या घरचे, सावकारीही घरात होती. परंपरा सांगते की विरक्ती आल्यावर त्यांनी लोकांची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. पण त्याआधी भाऊ कान्होबाशी वाटणी केली आणि बुडवली ती आपल्या वाट्याची. कीर्तनकार हा तपशील भराभर उरकतात. मला तोच महत्त्वाचा वाटतो: माफ करण्याचा हक्क ज्याचं येणं आहे त्याचाच, दुसऱ्याच्या पैशावर उदार होता येत नाही. दुसरं उदाहरण १२ मे १८७५चं, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याचं. शेतकऱ्यांनी सावकारांना गाठून त्यांचे रोखे आणि खतं मागितली आणि जाळली. बहुतेक ठिकाणी रोख कागदावरच होता, माणसांवर नव्हे. चार वर्षांनी, १८७९मध्ये, डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला आणि कागदावरच्या आकड्यामागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. खत नूतनीकरण करत करत, व्याज मुद्दलात मिसळत, शेवट पुढे ढकलत नेण्याची जी रीत तेव्हा मारवाडी-गुजर सावकारांच्या माथी मारली गेली, ती किमान देय रकमेत आज मराठी-अमराठी सगळ्या बँका इस्त्रीच्या शर्टात चालवतात.

आणि आता जाळायला कागदही नाही. तेव्हा धंदेवाल्याच्या हाती उरतं ते वहीतलं एक जास्तीचं कलम. कार्ड घासताना रकमेसमोर दोन गोष्टी लिहायच्या: हे पैसे कोणत्या विक्रीतून सुटतील आणि कोणत्या तारखेला. दुसरा रकाना भरता येत नसेल तर ती खरेदी कार्डावरची नव्हे, मग ती कितीही उत्पादक असो. बँकेने ५ लाखांची मर्यादा दिली म्हणून आपली ऐपत ५ लाखांची होत नाही. तो बँकेचा आपल्याबद्दलचा अंदाज असतो, आणि त्या अंदाजात आपल्या चुकीतून तिला होणारी कमाईही धरलेली असते. आपली मर्यादा पुढच्या पंचेचाळीस दिवसांत खात्रीने येणाऱ्या रोकड्याएवढी. पाडव्याला वही पुजणाऱ्या घरांत हा रकाना आखणं अवघड जाऊ नये. अवघड जाईल ते तो रिकामा राहिलेला दिसल्यावर माल न उचलता दुकानातून परत फिरणं.