वाऱ्याची वीज, पावसाचं पंचांग

जुलैत वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर गेलेला माणूस पवनचक्क्यांचं कौतुक करत खाली उतरतो. तोच डिसेंबरात गेला आणि पाती थांबलेली दिसली, की पैसे वाया गेले म्हणून मोकळा होतो. वारा बेभरवशाचा, हे मत आपल्याकडे इतक्या स्वस्तात तयार होतं.

वारा बदलतो, पण मनाला येईल तसा नाही. देशातली बहुतांश पवनवीज मे ते सप्टेंबर या काळात तयार होते, कारण ती नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांची वीज आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली शक्ती आठपट होते. म्हणून वेगातला किरकोळ फरकही विजेच्या आकड्यांत मोठा होऊन उमटतो. तरीही हा रोजचा चढउतार सांभाळण्याजोगा आहे. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून प्रत्येकाचा अंदाज आधी द्यायचा आणि तो मर्यादेबाहेर चुकला तर पैसे भरायचे, ही पद्धत आता रुळली आहे.

खरा पेच हंगामाचा आहे. वारा जोरात असतो तेव्हा शेतीपंप बंद असतात. ऑक्टोबरचा उकाडा सुरू होतो, पुढे रब्बीचे पंप चालू होतात आणि नेमका तेव्हाच वारा पडतो. मग पावसाळ्यात वाऱ्याची वीज वापरून कोयनेचं पाणी राखून ठेवावं, असं सुचवलं जातं. कागदावर हे छान दिसतं. पण चांगल्या पावसाच्या वर्षी ऑगस्टपर्यंत धरण भरत आलेलं असतं. जुलैत वाचवलेलं पाणी दरवाजे उघडून सोडून द्यावं लागतं. पाणी राखण्याला मोल येतं ते पाऊस कमी झाला तर. आणि मोसमी प्रवाहच मंदावला, तर वाराही पडू शकतो. २०२० च्या जुलैत देशभरात पाऊस सरासरीपेक्षा कमी झाला आणि पवनविजेतही मोठी घट झाली.

ही एका वर्षाची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. हिंदी महासागर तापत चालल्याने भारतातली पवनक्षमता गेल्या काही दशकांत घटत गेली, असा निष्कर्ष २०१८ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मधल्या एका अभ्यासाने काढला होता. एका अभ्यासावर सगळं बेतू नये, हे खरं. पण पंचवीस वर्षं चालायची यंत्रं उभारताना तो बाजूला सारणं शहाणपणाचं नाही.

आपला हिशेब मात्र मेगावॅटमध्ये अडकलेला. याची मुळं जुनी आहेत. नव्वदच्या दशकात पवनचक्कीच्या किमतीवर घसघशीत घसारा मिळायचा, म्हणून विजेशी काडीचा संबंध नसलेल्यांनीही करबचतीसाठी चक्क्या घेतल्या. सवलत यंत्र उभारण्याला होती, त्यातून किती वीज निघते याला नव्हती. २००९ मध्ये युनिटमागे पन्नास पैसे देण्याची योजना आली, तोवर वाऱ्याच्या उत्तम जागांवर जुनी, बुटकी यंत्रं ठाण मांडून बसली होती.

शेतीपंपांना दिवसा सौरवीज मिळू लागल्याने रब्बीचा भार काहीसा हलका होईल. वाऱ्याची खरी गरज मग ढगाळ पावसाळी संध्याकाळी राहील, आणि तिथे तो उपयोगीही पडेल. राज्याच्या वीजनियोजनाने तपासायला हवं ते दुसरंच चित्र: कोरडा जुलै, पडलेला वारा, अर्धवट भरलेली कोयना, आणि पाऊस नाही म्हणून ऐन पावसाळ्यात चालू असलेले पंप.