कापड चढवण्याआधी

जुन्या अमेरिकन मासिकांची मागची पानं चाळताना भाचा म्हणाला, “मामा, हा तर चक्क स्कॅम!” त्याचं बोट एका चौकोनी जाहिरातीवर होतं. अॅल्युमिनियमच्या चार नळ्या, त्यावर उघडी खुर्ची, पाठीशी इंजिन, डोक्यावर लांब पातं आणि खुर्चीत बसून हवेत निघालेला एक माणूस. मजकूर थोडक्यात असा, की आराखडे मागवा, घरी बांधा आणि उडा. रशियात जन्मलेला, अमेरिकेत स्थायिक झालेला अभियंता इगोर बेन्सन आपल्या जायरोकॉप्टरची ही जाहिरात वर्षानुवर्षं देत असे. मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर ही मासिकं रद्दीच्या भावात मिळत. डॉलर आणायचे कुठून, हा प्रश्न असल्याने आमची स्वप्नं बिनखर्चात शाबूत राहिली.

पण ‘स्कॅम’ मला झोंबलं. मुलांना उडावंसं वाटतं, राइट बंधू सायकलवाले होते, हे सगळ्यांना पाठ आहे. ते सोडून देऊ. त्या पानांवरच्या सगळ्याच जाहिराती एका माळेचे मणी होत्या का, एवढंच मला विचारायचं आहे.

माझ्या लेखी जाहिराती दोन जातींच्या असतात. एक भुलवते, दुसरी कामाला लावते. त्याच मासिकांच्या जमान्यात, पोरांच्या कॉमिक्समधून, आरपार बघण्याचा ‘क्ष-किरण चष्मा’ही विकला जायचा. विषय निघालाच आहे तर सांगतो, त्यात क्ष-किरणांचा पत्ता नसे. पुठ्ठ्याच्या थरांमध्ये एक पीस बसवलेलं असे. पिसाच्या बारीक तंतूंतून प्रकाश वाकून येतो, वस्तूच्या दोन किंचित सरकलेल्या प्रतिमा दिसतात आणि त्या एकमेकींवर येतात तेवढा भाग गडद वाटतो. हात समोर धरला की आत हाडं असल्याचा भास! उडण्यासाठी जन्मलेल्या पिसाची इतकी अफलातून थट्टा दुसऱ्या कुणी केली नसेल.

बेन्सनच्या पाकिटातून निघायची ती मापं. नळीची जाडी, बोल्टचा आकार, भोक कुठे पाडायचं ते. चष्मेवाला पोराकडून पैसे मागत होता. बेन्सन पैसे तर मागायचाच, वर कित्येक महिन्यांच्या संध्याकाळी मागायचा. आणि यंत्र खरोखर उडायचं. डोक्यावरच्या पात्याला इंजिन जोडलेलंच नसतं. मागचा पंखा यंत्र पुढे ढकलतो, खालून वर घुसणाऱ्या हवेने पातं आपसूक फिरतं. इंजिन बंद पडलं तरी फिरत राहतं. ही युक्ती स्पेनच्या हुआन दे ला सिएर्व्हाने 1923 मध्येच उडवून दाखवली होती. बेन्सनच्या यंत्राचं इंजिन बहुधा मॅकलॉकचं, 72 अश्वशक्तीचं, मुळात लष्कराच्या नेमबाजीच्या सरावातल्या बिनमाणसाच्या विमानांसाठी बनवलेलं.

शिवाय अशा आराखड्यांचं घराणं जुनं. ब्राझीलच्या सांतोस-दुमाँने बांबूच्या अंगाचं आपलं ‘दमोआझेल’ पेटंटच्या कुंपणात घातलं नाही. त्याचे आराखडे 1910 मध्ये ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ने छापले. मोटारीच्या इंजिनावर विमान चालणार नाही, असं एका मासिकाच्या संपादकाने लिहिलं, तेव्हा मिनेसोटाच्या बर्नार्ड पीटनपोलने 1930 मध्ये फोर्डच्या मोटारीचं इंजिन बसवलेली विमानं त्याच्यापुढे नेऊन उतरवली. पुढे त्याच मासिकाने त्याचे आराखडे छापले. लोक ते विमान आजही बांधतात.

भाचा बधला नाही. “मागवणाऱ्यांपैकी उडाले किती?” मी म्हटलं, “गाण्याच्या क्लासला जाणाऱ्यांपैकी मैफल किती जण गातात?” तो हसला, मी जिंकलो, आणि तिथेच मला अस्वस्थ वाटू लागलं. कारण त्याने विचारायला हवा होता तो प्रश्न त्याला सुचलाच नव्हता. उडाले त्यांचं काय झालं?

फ्रान्सच्या आंरी मिन्येने 1934 मध्ये पुस्तक लिहून आपल्या चिमुकल्या विमानाची कृती जगाला दिली. त्याचं नाव ‘पू द्यू स्येल’, म्हणजे आकाशातली ऊ. ज्याला खोकं ठोकता येतं त्याला हे जमेल, असा त्याचा भरवसा होता. हजारो हौशी हातोडी घेऊन बसले आणि पाठोपाठ माणसं मरू लागली. मग फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये ते विमान विंड टनेलमध्ये तपासलं गेलं. एका मर्यादेपलीकडे नाक खाली गेलं की पुढच्या-मागच्या पंखांमधल्या हवेचं गणित फिरायचं. वर यायला दांडा ओढावा, तर नाक आणखी खाली. बेन्सनच्या यंत्रातही अशी मेख होती. दांडा झटक्याने पुढे रेटून पात्यावरचा भार क्षणभर उतरवला, तर मागचा पंखा सगळं यंत्र नाकावर उलथवू शकतो. सावरायला सवड मिळत नाही.

म्हणजे भुलवणाऱ्या चष्म्याने कुणाचा केसही वाकडा केला नाही, आणि प्रामाणिक आराखड्यांनी जीव घेतले. माझी आवडती विभागणी इथे लंगडी पडते. खोट कुठे होती? मजकुरात नव्हती. ती चित्रात होती. चित्रात माणूस एकटा होता.

अमेरिकेत पॉल पोबेरेझ्नी आणि मंडळींनी 1953 मध्ये घरगुती विमानं बांधणाऱ्यांची संघटना काढली, ईएए. तिथे एकाच्या कामावर दहा जणांची नजर पडू लागली. सरकारी तपासनीसही येत, आणि पंखावर कापड चढवण्याआधी येत. एकदा कापड ताणून रंग दिला की कुठली फासळी चिरली आहे, कुठला सांधा नुसत्या गोंदावर तग धरून आहे, ते बांधणाऱ्यालाही दिसत नाही.

तपासनीस म्हटलं की आपल्याकडे कपाळाला आठी पडते, आणि ती अगदीच बिनबुडाची नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, 2016 च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं, पण नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे (डीजीसीए) नोंदणी व्हायला 2017 उजाडलं. फायलीत डोकावणारा तपासनीस वेगळा आणि फासळीत डोकावणारा वेगळा. पहिल्याचा राग दुसऱ्यावर काढू नये. भाच्याला स्कॅम शोधायचाच असेल तर तो त्या एकट्या माणसाच्या चित्रात शोधावा. दहा वर्षांच्या पोराला उडायचं असतं ते कुणाला न विचारता, आणि जाहिरात नेमकं तेच विकत होती. खरं उडायचं तर आपलं अर्धवट काम दुसऱ्यापुढे उघडं ठेवून “बघा, चुकलंय का?” असं विचारायची तयारी लागते. ती कुठल्याच कूपनने येत नाही.