निवृत्तीनंतरचा दौरा

निवृत्त शिक्षकाने आता देवदर्शन करावं, नातवंडांत रमावं, असं आपण सहज म्हणून जातो. महर्षी धोंडो केशव कर्वे 1914 साली फर्ग्युसन महाविद्यालयातून गणिताचे प्राध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि 1916 साली त्यांनी महिला विद्यापीठ उभं केलं. 1929 साली, सत्तरी ओलांडल्यावर, ते युरोप, अमेरिका, जपानच्या दौऱ्यावर निघाले. पुढे आफ्रिकेतही गेले. हौसेखातर नव्हे. ठिकठिकाणी स्त्रीशिक्षणावर बोलायचं आणि संस्थेसाठी निधी जमवायचा. सेवा आणि प्रवास ही त्यांच्याकडे दोन वेगळी खाती नव्हतीच.

कोणी म्हणेल, कर्वे असामान्य होते. आमचे गुडघे ऐकत नाहीत. कबूल, विद्यापीठ सगळ्यांना जमणार नाही. पण 1936 साली त्यांनी हाती घेतलेलं काम पाहा: शाळा नसलेल्या खेड्यांत प्राथमिक शिक्षणाची सोय करणं. अशा कामाला प्रतिभेपेक्षा वेळ लागतो, आणि वर्गणी मागताना संकोच सोडण्याची तयारी. वेळ तर निवृत्तांकडेच असतो! विश्रांतीचा त्यांचा हक्क कोणी नाकारू नये. वयाकडे बोट दाखवून त्यांना घरी बसवणं मात्र चूक आहे. समता संघ स्थापन केला तेव्हा, 1944 साली, कर्वे 86 वर्षांचे होते.