गंज, डाग आणि शुद्धी

वडिलोपार्जित मालमत्तेच्या वाटणीत ज्यांच्यासाठी कोणी तंटा करीत नाही आणि ज्यांची नोंद कोणत्याही दस्तऐवजात होत नाही, अशा वस्तूंपैकी बोरू तासण्यासाठी एखाद्या कारकुनाने जन्मभर खिशात बाळगलेला इंग्लंडातील शेफील्डचा मिटणारा चाकू ही एक होय. परंतु तो साफ करावयास बसलेल्या वारसापुढे जो प्रश्न उभा राहतो, तोच चित्तशुद्धीचा विचार करणाऱ्यांपुढेही आहे. मळ म्हणून काढावयाचे ते नेमके काय?

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात कामाने झाकलेल्या ज्ञानाला मळलेल्या आरशाची उपमा दिली आहे. तेथे मळ बाहेरून आलेला, म्हणून तो पुसल्याने आरशाचे काहीच उणे होत नाही. धम्मपदाच्या मलवग्गातील दृष्टान्त याहून कठोर आहे. लोखंडातूनच उपजलेला गंज जसा लोखंडाला खातो, तसे माणसाला त्याचेच कर्म खाते, असा त्याचा आशय. चाकू हाती घेतला की हा दुसरा दृष्टान्त पटतो, कारण चिंधीवर उतरणारी तांबूस पूड एके काळी पातेच होती.

पण चाकू याही पुढचे काही सांगतो. १९१३ साली शेफील्डच्याच हॅरी ब्रिअर्लीने न गंजणारे पोलाद घडविले. त्यापूर्वीचे पाते साधे पोलादी असल्यामुळे फळांच्या आंबट रसाने, हाताच्या घामाने आणि वर्षानुवर्षांच्या वापराने त्यावर करडी-निळसर छटा चढते. हीही पोलादाचीच विकृती. मात्र गंज भुसभुशीत असतो, ओल धरून ठेवतो आणि खोल उतरत जातो, तर ही छटा घट्ट बसून पुढच्या गंजाला बराच आवर घालते. जाणता माणूस घासलेटात बुडविलेल्या चिंधीने बिजागरीतला गंज सैल करतो, हाडाची मूठ तडकू नये म्हणून ती पाण्यात भिजू देत नाही, शेवटी तेलाचा हलका हात फिरवितो आणि तेथेच थांबतो. उतावळा वारस काचकागद घेऊन पाते आरशासारखे लखलखीत करतो. त्या भरात पात्यावरची, जोसेफ रॉजर्स या शेफील्डच्या चाकू-कारखान्याची तारा-आणि-क्रुसाची मोहोर पुसट होते, आणि उघड्या पडलेल्या पोलादावर पावसाळ्यात गंज पुन्हा, अधिक सहज, धरतो.

स्वभावाचा वारसाही असाच मिश्र असतो. पूर्वजांकडून आलेला हट्ट, कष्टाने आलेला राठपणा, दुःखाने आलेला अबोला, हे सारे निर्मळ मूळ स्वरूपावरचे किटण समजून खरवडू पाहणारा साधक दोषाबरोबर आपले बळही झिजवून बसतो. म्हणून एखादी वृत्ती काळी दिसते की उजळ, ही तिची कसोटी नव्हे. ती आजही आतून खात आहे काय, एवढेच पाहावे. खात असेल तर ती कितीही जुनी आणि कुळाच्या अभिमानाची असो, तिची गय करू नये. खात नसेल, तर शुद्धीच्या नावाखाली तिला हात लावण्याचा अधिकार आपल्याला नाही.