चालू पड की कायम पड

सातबारा सगळ्यांनी पाहिलेला असतो, पण तो दोन नमुन्यांचा मिळून होतो हे पुष्कळांच्या ध्यानात नसतं. गाव नमुना सातमध्ये जमीन कुणाच्या नावावर आहे ते लिहितात. गाव नमुना बारामध्ये त्या जमिनीत त्या वर्षी काय पेरलं ते. कोर्टकचेऱ्या, डोकी फुटणं, भावाभावांचं बोलणं बंद होणं, हे सगळं सातवरून चालतं. बाराकडे फारसं कुणी बघत नाही. ही गोष्ट बाराची आहे.

इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावते आणि मळवली, कामशेतवरून खाली देहूकडे जाते. त्या वाटेवर, नदीपासून हाकेच्या अंतरावर, एका वाडीत दोन भाऊ राहत. वाडीचं नाव सांगून उपयोग नाही. मावळातल्या कुठल्याही बांधावर उभं राहा, असे दोन भाऊ सापडतील.

वडिलांनी हयातीतच वाटणी करून दिली होती. वरची खाचरं धाकट्याला, खालची थोरल्याला. थोरल्याला सगळे आबा म्हणत. एका उन्हाळ्यात धाकट्यानं पडलेला बांध नव्यानं घातला आणि तो जरा खाली सरकला. मुद्दाम सरकवला की नजरचुकीनं, हे देव जाणे. पण सरकला होता, यात शंका नाही. आबांनी विचारलं. शब्दाला शब्द लागला. धाकटा शेवटी म्हणाला, "तुला जमत नसंल तर विकून टाक की."

तेवढं एक वाक्य पुरलं. आबांनी त्या पावसाळ्यात नांगर धरला नाही. "आधी त्यानं माझ्या दारात येऊन कबूल करावं. मग मी खाचरात पाय ठेवीन," असं त्यांनी चारचौघांत सांगितलं. धाकटा आला नाही. पुढच्या वर्षीही नाही. अशी नऊ वर्षं गेली.

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. वाडीवर त्याहून कमी, पण भाताला पुरून उरेल इतका. तो सगळा आबांच्या चौदा गुंठ्यांवर पडायचा आणि नदीला जाऊन मिळायचा. पहिल्या वर्षी खाचरात गवत झालं, मग घाणेरी आली, मग रानमोडी. खेकड्यांनी बांध पोखरले. आणि ज्या घरातून लग्नकार्याला पायलीपायलीनं तांदूळ बाहेर जात असे, त्या घरची आजी कामशेतच्या बाजारातून पाच-पाच किलो तांदूळ पिशवीत घालून आणू लागली. बाजारात ओळखीचं कुणी दिसलं की ती पिशवी पदराआड धरी. आबांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी कधी बघितलंच नाही.

पोटासाठी त्यांनी लोणावळ्याला तुंगार्लीच्या बाजूला एका बंगल्यावर वॉचमनची नोकरी धरली. बंगल्याचे मालक मुंबईचे, वर्षातून दहा-बारा दिवस यायचे. बाकीचे दिवस आबा प्लास्टिकच्या खुर्चीत बसून दुसऱ्याच्या हिरवळीवर कुणाची गुरं शिरू नयेत म्हणून जागत. धुकं इतकं की चार हातांवरचं गेट दिसायचं नाही. अशा रात्री ते वही काढत.

वही लाल कापडी बांधणीची, दुकानदार वापरतात तशी. तिच्यात त्यांनी धाकट्याची एकेक गोष्ट तिथीवार लिहून ठेवली होती. बांधाची नोंद पहिली. मग आईच्या दहाव्याला उशिरा आला ती. मग यात्रेत बघून न बघितल्यासारखं केलं ती. व्यापारी लक्ष्मीपूजनाला नवी वही पुजतात. आबा नऊ वर्षं जुनीच उघडून बसत होते, आणि रोज वाचल्यानं तिच्यातला एकही शब्द शिळा होत नव्हता.

2021 पासून सरकारनं पीकपाहणी शेतकऱ्याच्याच हातात दिली. मोबाईल घेऊन आपल्या शेतात उभं राहायचं, पिकाचा फोटो काढायचा, आपली नोंद आपण करायची. आबांची नात कॉलेजात जाणारी. एका खरिपात ती आजोबांना ओढत खाचरावर घेऊन गेली. नऊ वर्षांत ते पहिल्यांदा तिथं उभे राहिले, तेही बांधावरच.

"आबा, पीक कोणतं टाकू?"

"पीक कुठाय? पड टाक."

नातीनं बोट फिरवलं आणि थांबली. "इथं दोन पर्याय आहेत. चालू पड की कायम पड?"

आबांनी तोंड उघडलं, पण उत्तर आलं नाही. चालू पड म्हणजे सध्या पेरलेलं नाही, पुढं पेरता येईल. कायम पड म्हणजे तिथं काही पिकणारच नाही. पोरगी मोबाईल धरून उभी. पाऊस भुरभुरत होता. वरच्या खाचरात धाकट्याचं भात गुडघ्याच्या वर आलेलं.

"आबा, सांगा ना. बॅटरी चाललीय."

"सध्या काहीच टाकू नको," आबा म्हणाले आणि घरी आले. त्या रात्री वही उघडली खरी, पण ओळी डोळ्यांसमोरून नुसत्याच गेल्या.

फाल्गुनात तुकाराम बीज आली. आबांनी बंगल्यावर एक दिवसाची सुट्टी सांगितली, वही फडक्यात गुंडाळली आणि कामशेतहून लोकल पकडून देहू रोडला उतरले. त्यांच्या मनात ठरलेलं होतं. तुकोबांनी बुडवलं, आपणही बुडवावं. दुपारची गर्दी ओसरल्यावर ते इंद्रायणीच्या घाटावर गेले आणि फडकं सोडू लागले. शेजारी एक म्हातारा वारकरी धोतर पिळत होता.

"काय टाकताय माउली?"

"जुनी वही हाय. तुकोबांनी गाथा बुडवली ना, तसं."

म्हातारा हसला. "गाथा त्यांना बुडवायला लावली दुसऱ्यांनी. आपणहून बुडवली ती खतं. ती गोष्ट निराळी."

मग त्यानं ती गोष्ट सांगितली. सांगण्यात नवं काही नव्हतं, परंपरेनं चालत आलेलीच. तुकोबांचं घर देहूतलं सावकारीचं. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात पहिली बायको गेली, मुलगा गेला, धंदा बसला. लोकांना दिलेल्या कर्जाची खतं तेवढी घरात राहिली. तुकोबांनी धाकट्या भावाला, कान्होबाला, समोर बसवून खतांचे दोन वाटे केले. अर्धी त्याच्या हातात दिली, तुझं तू बघ म्हणाले. आपली अर्धी इंद्रायणीत सोडली.

"आता यातलं नीट ध्यानात घ्या," म्हातारा म्हणाला. "एक म्हणजे, त्यांनी बुडवलं ते येणं. लोकांकडनं घ्यायचं होतं ते. देणं कुणी बुडवलं तर त्याला आपण काय म्हणतो ते तुम्हाला माहीत आहे. आणि दुसरं, भावाच्या वाट्याला हात लावला नाही. तुमच्या वहीत काय आहे, येणं की देणं?"

आबा पायरीवर बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ती वही हिशेब तपासावा तशी तपासली. सगळं येणंच होतं. धाकट्यानं कबुली द्यायची, माफी मागायची, मान राखायचा. उजव्या बाजूची पानं, जिथं आपलं देणं लिहिता आलं असतं, कोरी होती.

आणि मग त्यांना पहिलं पान दिसलं. पहिल्याच वर्षी, डोकं तापलेलं असताना लिहिलेलं: "बांध एक वीत खाली घेतला." एक वीत! लोणावळ्याच्या चहाच्या टपरीवर ते हात पसरून दोन हात सांगत असत. लोकलमध्ये कुणाला सांगताना तीन. आबांनी दहा-बारा पानं उलटली. दुसऱ्या वर्षीच्या नोंदीत एक हात झाला होता, पाचव्या वर्षी दीड. बांध जागचा हलला नव्हता. नऊ वर्षं नुसतं व्याज चढत होतं. म्हणूनच त्यांनी कधी मोजणीचा अर्ज केला नव्हता. मोजणी आली असती तर आकडा एकच ठरला असता, आणि मग रात्री वाचायला काय उरलं असतं?

बोधकथेत एक गोष्ट उघड सांगायची असते, ती इथेच सांगून टाकतो. दुसऱ्यानं येऊन कबूल केल्याशिवाय मी जगायला सुरुवात करणार नाही, असं जो म्हणतो, त्याच्या सातवर नाव त्याचं असलं तरी मालक तो दुसराच असतो. धाकट्यानं घेतली वीतभर जमीन. उरलेले चौदा गुंठे आबांनी स्वतः त्याच्या हवाली केले होते, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

यावर कुणी म्हणेल, म्हणजे अन्याय पोटात घालायचा काय? मुळीच नाही. 1921 मध्ये शेजारच्या मुळशीत धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, तो काही रुसवा नव्हता. पवना धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांना कुणी शहाण्यानं वही बुडवा म्हणून सांगू नये. त्यांचं येणं सरकारी कागदावरचं आहे आणि ते मागितलंच पाहिजे. मागायचं येणं अर्ज करून मागावं, मोर्चा काढून मागावं. आबा नऊ वर्षांत तलाठ्याकडे गेले नव्हते, मोजणीला गेले नव्हते, भावाच्या दारातही गेले नव्हते. ते मागत नव्हते, वाट बघत होते. त्यातला फरक ज्याचा त्याला कळतो, फक्त रात्री एकटं असताना कळतो.

त्यांनी शेजाऱ्याकडून पेन मागून घेतलं आणि उजव्या बाजूचं एक कोरं पान काढलं. बराच वेळ काही सुचलं नाही. मग लिहिलं: "घरात नऊ वर्षं विकतचा तांदूळ." खाली: "पुतण्याच्या लग्नाला गेलो नाही. त्याचा काय दोष?" त्याखाली: "बांध एक वीत. दोन हात सांगितले." ते पान फाडून त्यांनी टोपीत ठेवलं आणि वही पाण्यात सोडायला उठले.

"थांबा," म्हातारा म्हणाला. "नदीत टाकायला लोकांनी काय बाकी ठेवलंय आता? घरी न्या. दाढ भाजताना कामाला येईल."

मावळात रोपं टाकायच्या जागेवर शेण, टहाळ, पालापाचोळा, गवत पसरतात, वर मातीचा पातळ थर देतात आणि वाऱ्याच्या उलट दिशेनं पेटवतात, म्हणजे ते सावकाश जळतं. जमीन भाजते, तणाचं बी मरतं, राख रोपाला मिळते. त्या उन्हाळ्यात आबांनी बंगल्यावरची नोकरी सोडली, रानमोडी मुळासकट खणून काढली आणि तिचाच राब रचला. वही मधल्या थरात घातली. जाडजूड बांधणीची असल्यानं ती लवकर पेटेना. दोनदा काठीनं उचकून पानं सुटी करावी लागली. आजी लांबून बघत होती. "अहो, ते काय जाळताय?" तिनं विचारलं. "जुना हिशेब," आबा म्हणाले, आणि टोपीतलं पान तिच्या हातात दिलं. तिनं ते नातीकडून वाचून घेतलं. पहिली ओळ ऐकली आणि काही न बोलता चुलीपाशी गेली.

मोजणीचा अर्जही त्यांनी वडगावला जाऊन दिला. मोजणी झाली. बांध एक वीतच निघाला. खुणा पडल्या त्या जागेवर आबांनी आपल्या हातांनी नवा बांध घातला. धाकटा वर उभा राहून बघत होता. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. संध्याकाळी आबा पुतण्याच्या घरी गेले आणि सुनेच्या हातावर लग्नाचा राहिलेला आहेर ठेवून चहा न घेता परत आले. चहा घेतला असता तर बरं दिसलं असतं, असं मला वाटतं. पण माणूस एका दिवसात किती सुधारणार?

बी त्यांनी इंद्रायणीचं आणलं. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं 1987 मध्ये दिलेलं हे वाण, चिकट आणि वासाचं. मृग बरसला, रोपं तरारली. आषाढात चिखलणी झाली तेव्हा आबांच्या पायाला नऊ वर्षांनी खाचरातला गारवा लागला. आवणीला वाडीतल्या बाया आल्या. वरच्या खाचरातलं पाणी, वरून खाली यायचं तसं, आपसूक खाली आलं.

ऑगस्टमध्ये नात मोबाईल घेऊन आली. "आबा, पीक?"

"भात."

"क्षेत्र?"

"चौदा गुंठे. सगळं."

तिनं फोटो काढला. फोटोत आबा अर्धेच आले, पण भात नीट आलं, आणि नोंदीला तेवढं पुरतं. त्या वर्षी बारावर भात लागलं. धाकटा अजून माफी मागायला आलेला नाही.