कामाचे नाव आणि केलेले काम

एखाद्या पत्रातले एकही वाक्य धडधडीत खोटे नाही, पण सगळे पत्र मिळून खोटे आहे, असे होऊ शकते का? मागच्या वर्षी जूनमध्ये मी स्वतः असे पत्र लिहिले. म्हणून हा प्रश्न तुमच्यापुढे ठेवते आहे.

माझा मावसभाऊ कॅनडात आहे. टोरांटोपासून जवळ, फरशा आणि नळ घाऊक विकणाऱ्या एका दुकानाच्या ऑफिसात तो काम करतो. तिथे दोन वर्षांचा डिप्लोमा केल्यावर त्याला तीन वर्षांचे वर्क परमिट मिळाले. शिक्षणानंतरचे हे परमिट एकदाच मिळते, आणि त्यातले चौदा महिने तेव्हा उरले होते. त्याच्या शिक्षणासाठी मावशीने राहता फ्लॅट बँकेकडे तारण ठेवला आहे. हे आधीच सांगते, कारण पुढचे आमचे प्रत्येक बोलणे त्या फ्लॅटमध्ये बसूनच झाले असे समजा.

ज्यांच्या घरातले कोणी तिकडे गेलेले नाही, त्यांच्यासाठी नियम थोडक्यात. कॅनडात काम करून तिथेच कायमचे राहण्याचा हक्क मिळवायचा एक रस्ता २००८ पासून आहे, त्याला कॅनेडियन एक्सपीरियन्स क्लास म्हणतात. २०१५ पासून तो एक्सप्रेस एंट्री या पद्धतीतून चालतो. मागच्या तीन वर्षांत तिथे किमान एक वर्षाचे कुशल काम लागते, म्हणजे १,५६० तास. मी कॉमर्सची, म्हणून लगेच भागाकार केला: आठवड्याला ३० तास, ५२ आठवडे. एखाद्या आठवड्यात ६० तास राबलात तरी ३०च धरतात. पूर्णवेळ शिकत असताना केलेली नोकरी धरत नाहीत, बिनपगारी काम धरत नाहीत.

आणि काम ‘कुशल’ आहे की नाही हे कसे ठरते? प्रत्येक कामाला पाच आकडी क्रमांक असतो. त्यातला दुसरा आकडा ० ते ३ असेल तर अनुभव धरतात, ४ किंवा ५ असेल तर नाही. हिशेबाच्या पुस्तकांचे काम करणारा बुककीपर १२२०० मध्ये येतो. बिले करणारा, येणी-देणी नोंदवणारा अकाउंटिंग क्लार्क १४२०० मध्ये. दोघे एकाच ऑफिसात, कधी कधी एकाच टेबलावर बसतात. फरक एका आकड्याचा, पण एकाचे वर्ष मोजले जाते आणि दुसऱ्याचे मोजलेच जात नाही.

दादा बिले नोंदवायचा, पुरवठादारांचे पैसे द्यायचा, थकबाकीदारांना फोन करायचा. महिन्याची पुस्तके बाहेरचा अकाउंटंट पूर्ण करायचा. म्हणजे १४२००. पण अर्जाला मालकाचे पत्र लागते, त्यात हुद्दा, तास, पगार आणि प्रत्यक्ष कामे लिहायची असतात. मालक म्हणाले, तूच लिहून आण, मी सही करतो. दादाने मला फोन केला. “तू भाषांतरं करतेस, तुला शब्द जमतात.”

मला ते जमलेसुद्धा. ‘बिलांची नोंद करतो’ याचे मी ‘खातेवह्या सांभाळतो’ केले. बँकेचे स्टेटमेंट अकाउंटंटला पाठवण्याचे ‘बँक जुळवणीची जबाबदारी’ झाले. वर्षअखेरीस तो एकदा दोन दिवस अकाउंटंटशेजारी बसला होता, त्याचे ‘आर्थिक पत्रके तयार करण्यात सहभाग’ झाले. वाचून मला स्वतःचे कौतुक वाटले. दादा म्हणाला, “अगं, मला माहीतच नव्हतं मी एवढं काम करतो!” आम्ही दोघे हसलो.

त्याच आठवड्यात या संकेतस्थळासाठी केलेला माझा एक अनुवाद तपासून परत आला. आमच्या ताईंनी एका वाक्याखाली लाल रेघ मारून विचारले होते, “हे मूळ लेखात कुठे आहे?” कुठेच नव्हते. छान वाटले म्हणून मी घातले होते. वाक्य वाईट नव्हते, मूळ लेखकाला बहुधा आवडलेही असते. पण ते त्याचे नव्हते. मी ते खोडले, आणि मग मला ते दुसरे पत्र आठवले.

आता तुम्ही म्हणाल, एवढे काय त्यात? मीही तेच म्हणत होते, आणि तो युक्तिवाद पोकळ नाही. १२२०० आणि १४२०० मधली रेघ कोणी देवाने ओढलेली नाही. ती एका कार्यालयात माणसांनी आखली. थकबाकीदाराकडून पैसे वसूल करायला जे कौशल्य लागते ते तेरीज जुळवण्यापेक्षा कमी आहे, असे मला बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षातही वाटत नाही. इमारत झाडणाऱ्याचे काम त्या यादीत ५ वर आहे. त्याच्याशिवाय आठवडाभर राहून बघा. रेघच मनमानी असेल, तर ती ओलांडणाऱ्याला दोष कशाला?

बरेच दिवस मी यावर अडकले होते. मग लक्षात आले की मी दोन वेगळे प्रश्न एकत्र करत होते. रेघ न्याय्य आहे का, हा एक. मी कुठे उभी आहे याबद्दल खरे सांगते का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आले, तरी दुसऱ्याचे उत्तर बदलत नाही. रेघ चुकीची असेल तर तसे उघड म्हणता येते. मी पत्रात तसे म्हटले नव्हते. उलट रेघ अगदी बरोबर आहे असे धरून दादाला गुपचूप पलीकडे नेऊन ठेवले होते.

शिवाय पलीकडची जागा रिकामी नसते. एक्सप्रेस एंट्रीत १,२०० पैकी गुण असतात, आणि प्रत्येक फेरीत ठरावीक जणांनाच बोलावतात. शेवटच्या माणसाचे गुण म्हणजे त्या फेरीची रेघ. आत एक जण शब्दांच्या जोरावर शिरला, की खालचा एक जण बाहेर राहतो. तो कोण हे कधीच कळत नाही, कदाचित तोही आपल्याच एखाद्या मावशीचा मुलगा असेल. नोकरीच्या ऑफरला पूर्वी ५० किंवा २०० गुण जास्तीचे मिळत. लोक त्या ऑफरी विकत घेऊ लागले. शेवटी मार्च २०२५ मध्ये सरकारने ते गुणच काढून टाकले, ज्यांच्या ऑफरी खऱ्या होत्या त्यांचेही.

शिक्षेचे मुद्दाम शेवटी लिहिते. खोटी माहिती सापडली तर तिथल्या कायद्याने पाच वर्षे दार बंद होते. दादाला मी आधी हेच कारण सांगितले, कारण ते सांगायला सोपे होते. पण मग स्वतःला विचारले, पकडले जाण्याची शक्यता शून्य असती तर? भीतीने खोडलेले वाक्य आणि खरे नाही म्हणून खोडलेले वाक्य कागदावर सारखेच दिसते. त्या दिवशी मी कोणते खोडत होते, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.

नियमाची एक बाजू मात्र मला मनापासून पटते. तिथे हुद्दा बघत नाहीत, केलेले काम बघतात. मालकाने तुम्हाला मॅनेजर म्हटले तरी मॅनेजरची कामे केली नसतील तर उपयोग नाही. आणि कार्डावर साधा असिस्टंट असलात तरी कामे बुककीपरची असतील तर तो अनुभव धरला जातो. आपल्याकडे लग्नाच्या बायोडाटापासून पाटीपर्यंत सगळे हुद्द्यावर चालते, म्हणून हे वाचून बरे वाटले.

मी दादाला पत्र परत लिहून पाठवले, जसे काम होते तसे. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “इंदूरला बसून खरं बोलणं तुला परवडतं गं.” मला उत्तर सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही. तारण माझे घर नाही. दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन आला, ती रागावली नाही, फक्त विचारले, “दुसरं काहीच करता येणार नाही का गं?”

ते विचारणे उपयोगी पडले. पत्रात काम वाढवण्याऐवजी काम खरेच वाढवता येईल का, हे दादाने मालकांना विचारले. बाहेरच्या अकाउंटंटची दर महिन्याची फी वाचत होती, म्हणून ते हो म्हणाले. त्यांना संत ठरवायची गरज नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून रोजकीर्द, खतावणी, बँक जुळवणी, महिन्याचा ट्रायल बॅलन्स दादाकडे आला. हुद्दा तोच राहिला. १,५६० तास तेव्हापासून मोजायचे. आधीचे बावीस महिने हिशेबात नाहीत.

हिशेब तुम्हीही करू शकता. बारा महिने या जुलैत भरतील, परमिट ऑगस्टमध्ये संपते. मधल्या चार-पाच आठवड्यांत फेरी निघाली पाहिजे, आणि रेघ त्याच्या गुणांच्या खाली आली पाहिजे. दोन्ही त्याच्या हातात नाही. मावशीला हे माहीत आहे. ती बोलत नाही, पण हल्ली दर महिन्याला हप्ता भरल्यावर मला पावतीचा फोटो पाठवते. का ते मी विचारलेले नाही.

रविवारी रात्री साडेनऊला आम्ही फोनवर बँक जुळवणी करतो. पहिल्या महिन्यात ४३ डॉलरचा फरक येत होता. “एवढासा आहे, किरकोळ खर्चात टाकू का?” असे त्याने विचारले, आणि मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, “थांब, परत बघतो.” दोन रविवार गेले. एका पुरवठादाराचा चेक दोनदा नोंदला होता.