आधी मूठ, मग भात

ऐझॉलमध्ये मी राहत होते त्या घरातल्या आजी भातासाठी मोजून घेतलेल्या तांदळातून एक मूठ वेगळ्या डब्यात टाकत. दोन्ही वेळा. मिझो लोक याला ‘बुहफाइ थाम’ म्हणतात. १९१०पासून मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन चर्चसाठी ही मूठ निघते. वस्तीतल्या बायका डबे गोळा करतात, तांदूळ विकून चर्चच्या कामाला पैसा उभा राहतो. बाईच्या हाती तेव्हा रोकड नव्हती. तांदूळ तेवढा होता.

कृपा विकत मिळत नाही, असं पाळक रविवारी सांगतात. मग रोजचं हे देणं कशासाठी? मी आजींना विचारलं. ‘जेवणारे मोजताना त्यालाही मोजायचं,’ त्या म्हणाल्या. मला हे उत्तर पूर्ण पटलं. उरलेलं देण्यात देव पाहुणाही नसतो. शिजण्याआधी काढलेली मूठ घरातल्या प्रत्येकाच्या ताटातून जाते.

१८९४ साली लॉरेन आणि सॅव्हिज हे मिशनरी आले, त्याआधीही स्वतःच्या आधी दुसऱ्याचं पाहणारी ‘त्लॉमङाइहना’ या डोंगरांत होतीच. ख्रिस्ती श्रद्धेने ती पुसली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. आजींच्या घरी आता गॅस आहे. डबा मात्र अजून दर आठवड्याला भरतो.